रशियन वाक्य आणि मराठी विद्यार्थी

रशियन भाषा शिकूं इच्छिणाऱ्या मराठी माणसाच्या हातीं बहुधा प्रथम पडतें तें इंग्रजी वाचकांसाठीं रचलेलें व्याकरण. रशियनमध्यें 'ए', 'धि' यांसारखीं उपपदें नाहींत आणि वर्तमानकाळीं 'आहे' हें क्रियापद लोपतें, असें त्यांत आरंभींच मोठ्या नवलाच्या सुरांत सांगितलेलें असतें. इंग्रजाला तें नवल वाटावें हें ठीक. पण 'हा माझा भाऊ' असें रोज बोलणाऱ्यास 'एता मोय ब्रात' यांत नवल तें कसलें? आमच्या मतें ही पद्धति केवळ निरुपयोगी नव्हे, अपायकारक आहे. जेथें थांबावयास नको तेथें ती विद्यार्थ्यास थांबविते आणि जेथें त्याचा पाय खरोखर घसरतो तेथून त्यास मुकाट्यानें पुढें नेते.

साम्यें थोडीं नाहींत. 'उ मिन्या येस्त् क्नीगा' म्हणजे 'माझ्यापाशीं पुस्तक आहे'. 'म्न्ये खोलद्ना' याचा कर्ता शोधीत बसण्याचें कारण नाहीं. 'मला थंडी वाजते' म्हणतांना आपणही सोसणाराला चतुर्थीच लावतों. नकारांत मात्र पुस्तकाला षष्ठी लागते, 'उ मिन्या न्येत क्नीगी'. हें पाठच केलें पाहिजे.

भूतकाळांत 'शोल, श्ला, श्लो' हीं रूपें 'गेला, गेली, गेलें' यांच्या शेजारीं ठेवलीं कीं विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि तेथेंच फसतो. 'त्यानें पोथी वाचली' यांत आपलें क्रियापद कर्माच्या मागें जातें. 'आन प्रचिताल क्नीगु' या वाक्यांत क्नीगा स्त्रीलिंगी असूनही क्रियापद कर्त्याशींच इमान राखतें. इंग्रजी ग्रंथकाराला या खड्ड्याची कल्पनाही नसते. त्याच्या वाटेवर तो खड्डाच नाहीं.

पण खरा प्रश्न शब्दक्रमाचा. कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम सांगून 'तथापि क्रम स्वतंत्र आहे' अशी पुस्ती जोडली कीं बहुतेक ग्रंथकार मोकळे होतात. हें स्वातंत्र्य स्वैर नव्हे. 'चिलव्येक वशोल व् कोम्नतु' म्हणजे 'तो माणूस खोलींत शिरला'. 'व् कोम्नतु वशोल चिलव्येक' म्हणजे 'खोलींत एक माणूस शिरला'. ठाऊक असेल तें आधीं, नवें तें शेवटीं. उपपदाचें काम येथें स्थान करतें. मराठींत शेवटची जागा क्रियापदानें अडविल्यामुळें नवी गोष्ट त्याच्या लगत आधीं बसते. म्हणून आपला विद्यार्थी रशियन वाक्याचें वजन एक घर अलीकडेच टाकतो, आणि वाक्य व्याकरणशुद्ध असूनही ऐकणाराला भलताच अर्थ लागतो.

विभक्ति स्पष्ट असेतोंच हा क्रम खेळता राहतो. 'मात् ल्यूबित दोच्' यांत 'मात्' व 'दोच्' या दोन्ही शब्दांचीं प्रथमा व द्वितीया हीं रूपें एकच आहेत. त्यामुळें आई मुलीवर प्रेम करते कीं मुलगी आईवर, हें स्थानावरूनच ठरवावें लागतें. शब्दक्रमाचा पाठ अशा वाक्यापासून आरंभावा आणि सहा विभक्तींचे तक्ते मागाहून द्यावे. सामान्यतः होतें तें नेमकें उलट.