नाव, पत्ता आणि खूण : संगणकजाळ्याच्या मराठी परिभाषेचा विचार

पारिभाषिक शब्द स्वकीय की परकीय, या वादात एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. तो शब्द दोन भिन्न कल्पना भिन्न ठेवतो काय? संगणकजाळ्याच्या मराठी परिभाषेची परीक्षा प्रथम याच कसोटीवर करावयास हवी.

नरसी नामदेव हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन ते नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. गाव हलले नाही, नावही पालटले नाही. पत्ता मात्र बदलला. नाव आणि पत्ता यांतील हा भेद संगणकजाळ्याचाही पाया होय. मनुष्य नावाने मागणी करतो. १९८३ मध्ये मांडली गेलेली डीएनएस ही व्यवस्था त्या नावाचा आयपी पत्ता शोधून देते. यंत्र दुसऱ्या जाळ्यात नेले की हा पत्ता बदलतो, नाव तेच राहू शकते. ‘मॅक ॲड्रेस’ ही तिसरी कल्पना. ती जोडणीच्या कार्डाला सामान्यतः कारखान्यातच मिळालेली ४८ बिटांची खूण असून यंत्राबरोबर सर्वत्र जाते.

इंग्रजीचे अनुकरण करून मराठीत या दोहोंनाही ‘पत्ता’च म्हटले जाते. परिणामी ‘पत्ता सापडत नाही’ हे वाक्य संदिग्ध होते. नावावरून आयपी पत्ता मिळत नसेल, तर दोष डीएनएसमध्ये शोधावयाचा. शेजारच्या यंत्राचा आयपी पत्ता ठाऊक असून त्याची खूण मिळत नसेल, तर तो केबल, स्विच किंवा त्या यंत्रातच शोधावयाचा. शब्दाची ढिलाई येथे व्यवस्थापकाचा दिवस वाया घालविते.

‘संकेत’ या शब्दाची उधळपट्टी तर अधिकच खेदजनक आहे. भारतीय शब्दविचारात अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, हा ठराव म्हणजे संकेत. दोन यंत्रांनी परस्परांचे बोलणे कसे समजावे याचा ठराव, म्हणजेच प्रोटोकॉल, यास तो नेमका शोभला असता. परंतु ‘संकेतस्थळ’ आणि ‘संकेतशब्द’ यांत तो आधीच खर्ची पडला.

राउटर, स्विच ही वस्तूंची नावे जशीच्या तशी घेतल्याने काही बिघडत नाही. संबंधांची नावे मात्र मराठीच्या अर्थव्यवस्थेत बसावयास हवीत : डोमेनला नाव, आयपीला पत्ता, मॅकला खूण. तिन्ही शब्द खेड्यातील टपालवाटपालाही परिचित आहेत. परिभाषाकारांनी ते केवळ एकमेकांत मिसळू देऊ नयेत.