'काही घडलं नाही' की 'काही दिसलं नाही'? ओएसक्वेरीकडे मोजमापाचं साधन म्हणून बघताना

"सर्व्हरवर कोणत्या प्रोसेस चालतात आणि त्या नेटवर्कवरून कुणाशी बोलतात, याचा डेटा गोळा करायचाय. कोणतं टूल घेऊ?" संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळतं: ओएसक्वेरी. दोन वर्षांपूर्वी मीही तेच दिलं असतं. आज माझं उत्तर जरा लांब आहे, कारण मधल्या काळात या टूलमुळे, खरं तर ते मी ज्या पद्धतीने वापरलं त्यामुळे, माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण रद्द झालं.

आधी टूलचं श्रेय टूलला. ओएसक्वेरी फेसबुकने 2014 मध्ये खुलं केलं आणि 2019 पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. कल्पना सुरेख आहे. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एक डेटाबेस समजायचा. 'प्रोसेसेस' नावाचं टेबल, 'लिसनिंग पोर्ट्स' नावाचं टेबल, 'प्रोसेस ओपन सॉकेट्स' नावाचं टेबल. साधं एसक्यूएल लिहायचं, पीआयडीवर जॉइन मारायचा, की कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्याशी जोडलेली आहे ते समोर. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं एसक्यूएल इथे पुरतं. शेलस्क्रिप्टमध्ये 'पीएस' आणि 'एसएस'चं आउटपुट ऑक आणि ग्रेपने कापत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ. डिमनची कॉन्फिग फाइल जेसन स्वरूपात असते. तिच्यातल्या 'शेड्यूल'मध्ये क्वेरी लिहायची, पुढे किती सेकंदांनी चालवायची तो 'इंटरव्हल' टाकायचा, सर्व्हिस सुरू करायची. अर्ध्या तासात डेटा यायला लागतो.

धोका नेमका इथेच आहे. डेटा येतो.

1848 पैकी 17

आमच्या विभागाच्या सामायिक सर्व्हरवर मी 11 आठवडे नोंदी घेतल्या. इंटरव्हल 300 सेकंद ठेवला होता. विश्लेषण झालं, आलेख झाले, आणि प्रकरणाचा मुख्य निष्कर्षही तयार झाला: या सर्व्हरवरच्या प्रोसेस आणि त्यांची कनेक्शन्स मुख्यतः दीर्घकाळ टिकणारी आहेत. मी खूश होते.

सरांनी मसुदा वाचला आणि एकच विचारलं, "तुझी बॅकअपची स्क्रिप्ट आहे ना, दर तासाला धावणारी? तिच्या नोंदी दाखव बघू."

दर तासाला एकदा, 77 दिवस. म्हणजे ती 1848 वेळा धावली होती. माझ्या डेटात ती 17 वेळा होती.

सर काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. स्क्रिप्ट साधारण तीन सेकंदांत संपते आणि मी पाच मिनिटांतून एकदा बघत होते. तिची माझी गाठ पडण्याची शक्यता तीनशेत तीन, म्हणजे शंभरात एक. 1848 चा शंभरावा भाग अठराच्या आसपास. टूलने अगदी चोख काम केलं होतं, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

हे नीट समजून घ्या, कारण ही अडचण एकट्या ओएसक्वेरीची नाही. समजा, तुम्हाला एसटी स्टँडवर कोणत्या गाड्या येतात याचा अभ्यास करायचाय आणि तुम्ही दर तासाला एकदा डोकावून बघता. मुक्कामी गाडी तुम्हाला रात्रभर, प्रत्येक फेरीला दिसेल. दोन मिनिटं थांबून निघून जाणारी गाडी क्वचितच. महिन्याभराने तुम्ही लिहाल, "या स्टँडवर मुख्यतः मुक्कामी गाड्या येतात." माझा निष्कर्ष याच जातीचा होता. मी सर्व्हरचा स्वभाव मोजलाच नव्हता. माझ्या बघण्याच्या पद्धतीची सावली मोजली होती.

'पीएस', 'टॉप', 'एसएस', 'एलसॉफ' ही सगळी मंडळीसुद्धा क्षणचित्रंच देतात. फरक एवढाच, की ओएसक्वेरी ही क्षणचित्रं इतक्या नीटनेटक्या टेबलांत देतं की ती संपूर्ण नोंदवही वाटते.

कॉन्फिगमध्ये लपलेले चार खड्डे

पहिला खड्डा इंटरव्हलचा. तुम्ही 60 लिहिता, पण ओएसक्वेरी सगळ्या क्वेऱ्या एकाच वेळी धावू नयेत म्हणून प्रत्येक इंटरव्हल थोडा सरकवतं. मूळ सेटिंग दहा टक्क्यांचं आहे. त्यामुळे तुमचे 60 प्रत्यक्षात 54 ते 66 मधलं काहीही असू शकतात. सर्व्हरच्या तब्येतीसाठी हे उत्तमच. पण प्रबंधात "दर 60 सेकंदांनी नोंद घेतली" असं लिहिलंत, तर ते खोटं ठरतं. 'ओएसक्वेरी शेड्यूल' नावाचं एक टेबल आहे, त्यात प्रत्येक क्वेरी आजवर किती वेळा धावली तो आकडा मिळतो. ते टेबलही शेड्यूलमध्ये घाला आणि खरा इंटरव्हल भागाकार करून काढा.

दुसरा खड्डा फरकाच्या नोंदींचा. मुळात ओएसक्वेरी पूर्ण उत्तर लॉग करत नाही. मागच्या वेळेपेक्षा काय वाढलं आणि काय गेलं, तेवढंच लिहितं. डिस्क वाचते. पण दोन नजरांच्या मध्ये जन्मून मेलेली प्रोसेस ना 'वाढली'त येते ना 'गेली'त. शिवाय 'गेली'समोरची वेळ ही प्रोसेस संपल्याची वेळ नसते, ती नाहीशी झाल्याचं लक्षात आल्याची वेळ असते. आणि तुम्ही मेमरी किंवा सीपीयू वेळेसारखे सतत बदलणारे कॉलम मागितलेत, तर प्रत्येक वेळी जवळपास प्रत्येक ओळ 'बदललेली' ठरते आणि लॉग फुगत जातो. असे कॉलम हवेच असतील तर त्या क्वेरीला 'स्नॅपशॉट' हा पर्याय लावा.

तिसरा खड्डा जॉइनचा. 'प्रोसेसेस' आणि 'प्रोसेस ओपन सॉकेट्स' ही टेबलं कुठेही साठवलेली नसतात, क्वेरी आली की त्या क्षणी कर्नलकडून वाचली जातात. दोन टेबलं म्हणजे दोन वेगळे क्षण. मधल्या काळात प्रोसेस संपली तर जॉइनमधून तिचं कनेक्शन गळून पडतं. बंद होताना टाइम-वेट अवस्थेत गेलेल्या कनेक्शनला तर मालक प्रोसेसच उरत नाही. त्यामुळे इनर जॉइन मारून "सगळी कनेक्शन्स" म्हणू नका. लेफ्ट जॉइन घ्या आणि अनाथ ओळी किती निघतात ते मोजून प्रबंधात सांगा. प्रोसेसची ओळखही नुसत्या पीआयडीवर ठेवू नका. पीआयडी पुन्हा वापरले जातात. पीआयडी आणि सुरू होण्याची वेळ, दोन्ही मिळून ओळख धरा.

चौथा खड्डा मला सगळ्यात गंभीर वाटतो. ओएसक्वेरीवर त्याचाच एक राखणदार असतो, वॉचडॉग. क्वेरीने ठरलेल्या मर्यादेबाहेर मेमरी किंवा सीपीयू खाल्लं, की तो काम करणारी प्रोसेस मारतो आणि ती क्वेरी एक दिवसासाठी बाद यादीत जाते. चालत्या सेवेच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. संशोधकाच्या दृष्टीने मात्र विचार करा: क्वेरी जड कधी होणार? सर्व्हरवर प्रोसेस आणि कनेक्शन्सची गर्दी उसळते तेव्हा. म्हणजे जो दिवस तुम्हाला सगळ्यात जास्त हवा, नेमका तोच गळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हा गहाळ डेटा योगायोगाने गहाळ झालेला नसतो. 'ओएसक्वेरी शेड्यूल'मध्येच क्वेरी बाद झाली आहे का तेही दिसतं. रोज बघा.

मग इव्हेंट वापरायचे का?

हो, पण डोळे उघडे ठेवून. लिनक्सवर 'प्रोसेस इव्हेंट्स' आणि 'सॉकेट इव्हेंट्स' ही टेबलं कर्नलच्या ऑडिट यंत्रणेवर उभी आहेत. तिथे ठरावीक वेळाने डोकावणं नसतं, घटना घडली की नोंद होते. त्यासाठी फ्लॅग्जच्या फाइलमध्ये ऑडिट बंद ठेवणारा फ्लॅग 'फॉल्स' करावा लागतो, ऑडिटचं कॉन्फिगरेशन बदलायची आणि सॉकेट नोंदवायची परवानगी 'ट्रू' करावी लागते, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते. यातलं काही राहिलं तर क्वेरी मोडत नाही. उत्तर येतं, फक्त शून्य ओळींचं. मी याला टूलचा खरा दोष मानते. मोजमापाच्या साधनाने "मी आंधळं आहे" हे ओरडून सांगायला हवं. शून्य आणि अंधार यांत फरक आहे.

शिवाय सर्व्हरवर आधीपासून ऑडिटडी चालू असेल तर दोघांची ऑडिटच्या नोंदींवरून ओढाताण होते. तुमच्या सिस्टिम ॲडमिनशी आधी बोला, त्यांच्या सुरक्षेच्या नोंदी तुमच्या पीएचडीसाठी बंद पडता कामा नयेत. इव्हेंट आधी एका साठ्यात थांबतात आणि तुमची क्वेरी येऊन ते उचलते. या साठ्याची मूळ मर्यादा प्रत्येक प्रकाराला 50000 नोंदींची आहे. मोठा प्रोजेक्ट कंपाइल होत असताना त्याकडे लक्ष ठेवा. आणि 'प्रोसेस इव्हेंट्स' मुळात नवा प्रोग्रॅम सुरू झाल्याची नोंद घेतं. नुसत्या फोर्कने जन्मलेल्या पिल्लांसाठी वेगळा फ्लॅग लागतो. समांतर गणितं करणाऱ्या कित्येक पायथन स्क्रिप्ट अशीच पिल्लं काढतात.

कनेक्शनवरून किती बाइट गेले, हे या टेबलांत कुठेच मिळत नाही. तो तुमचा प्रश्न असेल तर हे टूल तुमचं नाही. बीसीसी संचातलं 'टीसीपीलाइफ' बघा. ते प्रत्येक टीसीपी जोडणीचा कालावधी आणि गेलेले-आलेले बाइट दोन्ही देतं.

माझं मत

ओएसक्वेरी वाईट टूल नाही. ते वेगळ्या प्रश्नासाठी बनलेलं आहे. शेकडो-हजारो मशीन सांभाळणाऱ्या सुरक्षा-चमूचा प्रश्न असतो, "अमुक गोष्ट कुठे आहे का?" त्याला हे टूल छान उत्तर देतं. आपला प्रश्न असतो, "अमुक गोष्ट किती वेळा, किती काळ?" 'आहे का' विचारणाऱ्या टूलला 'किती' विचारलं, तर ते नाही म्हणत नाही. एक आकडा देतं, आणि तो आकडा आपण आलेखात घालतो.

म्हणून माझी एकच अट, स्वतःलाही आणि तुम्हालाही. खरा डेटा घ्यायच्या आधी एक दिवस खोटा डेटा पेरा. 'स्लीप' ही साधी कमांड 1, 5, 30 आणि 120 सेकंदांसाठी, प्रत्येकी शंभर वेळा, यादृच्छिक वेळी चालवा. नोंदीत किती सापडल्या ते मोजा. दुसऱ्या मशीनशी ठरावीक काळ टिकणारी कनेक्शन्स उघडून तेच करा. हे चार-आठ आकडे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात पहिल्या पानावर जाऊ देत. परीक्षकाने विचारायच्या आधी तुम्हाला माहीत हवं की तुमचं साधन काय बघू शकत नाही.

आणि एक गोष्ट, जी कॉन्फिगची नाही. कमांड-लाइनचा कॉलम मागितला होता मी, सहज. एके दिवशी लॉग चाळताना एका ज्युनिअरचा डेटाबेसचा पासवर्ड समोर आला, त्याने कमांडमध्येच लिहिला होता. मी त्याला सांगितलं, त्याने बदलला, मी कॉलम काढला आणि जुन्या नोंदींतूनही तो पुसला. पण त्या सर्व्हरवरच्या कुणालाच मी आधी विचारलं नव्हतं. सामायिक सर्व्हरवर प्रोसेस म्हणजे माणसं असतात, कोण रात्री किती वाजता काय करत होतं ते त्यात दिसतं. आधी परवानगी घ्या, मग शेड्यूल लिहा.

रद्द झालेलं प्रकरण मी पुन्हा लिहितेय. या वेळी पेरणीच्या चाचणीचा तक्ता सगळ्यात वर आहे. पाच सेकंदांच्या खालच्या कनेक्शनबद्दल मी अजूनही छातीठोक काही सांगू शकत नाही, आणि तसं तिथे स्पष्ट लिहिलंय. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून "हे राहू दे" एवढंच लिहिलं.