शेवटचं कडवं

गेले काही महिने माझ्या फोनमध्ये एक अल्बम मुक्कामाला आहे. ‘ॲव्हलॉन ब्लूज’. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाला वाहिलेला ट्रिब्यूट अल्बम, २००१ साली व्हॅनगार्ड कंपनीनं काढलेला. १५ गाणी, सगळी हर्टची, पण प्रत्येक गाणं वेगळ्या आवाजात. पहिल्यांदा ऐकला तो पुण्याहून माजलगावला येताना, रात्रीच्या गाडीत. पाथर्डीच्या पुढे रेंज गेली आणि डाउनलोड केलेलं तेवढंच उरलं, म्हणून पूर्ण ऐकला. नाहीतर ट्रिब्यूट अल्बम पूर्ण कोण ऐकतं?

हर्टची गोष्ट आधी सांगतो. मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन नावाच्या वस्तीत वाढलेला, शेतात राबणारा काळा माणूस. १९२८ मध्ये ओके कंपनीनं त्याला मेम्फिसला आणि न्यूयॉर्कला नेऊन रेकॉर्ड केलं. नावाआधी ‘मिसिसिपी’ कंपनीनंच चिकटवलं, खप वाढावा म्हणून. खप काही वाढला नाही. पाठोपाठ मंदी आली आणि हर्ट परत शेतावर गेला, तो ३५ वर्षं. मधे १९५२ मध्ये हॅरी स्मिथच्या गाजलेल्या संकलनात त्याची दोन गाणी आली, तरी माणूस कुठे आहे, आहे की नाही, हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं त्याला शोधलं. कसं? हर्टनं एका गाण्यात आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. नव्या नकाशांत ते गाव नव्हतं, जुन्यात सापडलं. हॉस्किन्स तिथे गेला, तर सत्तरीचा हर्ट तिथेच. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला आणि १९६६ मध्ये गेला.

म्हणजे गाण्यातच पत्ता होता. ते एक कडवं कुणी लांबीसाठी कापलं असतं तर?

आता अल्बम. हर्टच्या वाजवण्यात अंगठा खालच्या तारांवर घड्याळासारखा चालतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर चाल गुणगुणतात. आवाज मात्र अंगणात बसून शेजाऱ्याशी बोलल्यासारखा. ट्रिब्यूटवाल्यांची खरी परीक्षा इथेच होते, कारण मोठे गायक गाणं ‘गायला’ लागतात. जॉन हायट जोर लावतो आणि गाणं हर्टचं न राहता हायटचं होतं. याउलट बेक. हा माणूस एरवी गाण्याची मोडतोड करून काहीतरी तिसरंच उभं करणारा, पण इथे साधा, मान खाली घालून गातो. पहिलं गाणं ख्रिस स्मिदरचं आणि तिथे अंगठा बरोबर चालतो. स्टीव्ह अर्ल मुलाला, जस्टिनला, सोबत घेऊन गातो. मला ते सगळ्यात आवडतं, कारण आपल्याकडे गाणं असंच पुढे जातं. बाकी काही ट्रॅक नुसते नीटनेटके आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि हो, काळ्या शेतकऱ्याला वाहिलेल्या या अल्बममध्ये बहुतेक गायक गोरे आहेत. ताज महाल, बेन हार्पर, अल्विन यंगब्लड हार्ट हे अपवाद. हेही ऐकताना डोक्यात राहतंच.

गावाच्या नावाचं ते गाणं ब्रूस कॉकबर्न गातो. कॅनडाचा माणूस. ॲव्हलॉन त्याचं गाव नाही, पण तो नाव बदलत नाही, गाळत नाही. मला वाटतं, ट्रिब्यूट म्हणजे किमान एवढं तरी हवंच.

हे ऐकत मी माजलगावला उतरलो ते १३ एप्रिलच्या पहाटे. दुसऱ्या दिवशी भीमजयंती. संध्याकाळी डीजेवर वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं आणि मीही नाचलो. डीजेच्या नावानं नाक मुरडणारे बरेच आहेत, मी त्यांच्यातला नाही. ज्यांनी वामनदादांचं पुस्तक कधी हातात धरलं नाही, अशा हजारो पोरांपर्यंत ती चाल डीजेनंच पोहोचवली. पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की मुखडा आला, एक अंतरा आला, मग मुखड्याचा लूप, मग ड्रॉप आणि पुढचं गाणं. शेवटचं कडवं आलंच नाही.

आणि वामनदादांचं नाव शेवटच्या कडव्यात असतं.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस अक्षरं शिकला तेच मोठेपणी, मुंबईत. नंतर आयुष्यभर गावोगाव फिरला, हजारो गाणी लिहिली. कॉपीराइट वगैरे भानगडी नव्हत्याच. गाणं कुणाच्याही गायन पार्टीत जायचं, कोणत्याही स्टेजवर वाजायचं. मग नाव टिकायचं कसं? तर गाण्याच्या आतच ‘वामन’ ओवून ठेवायचा. तुकोबांनी, नामदेवांनी जे केलं तेच. कीर्तनकार कितीही घाईत असो, ‘तुका म्हणे’ सोडून अभंग संपवत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फाइलचा मेटाडेटा वेगळा ठेवला की कॉपी करताना गळतो, म्हणून यांनी तो फाइलच्या पोटातच लिहिला. १९७७ साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनचे’. रीमिक्स करणाऱ्या पोराचा त्यात काही डाव नसतो, त्याला चार मिनिटांत काम उरकायचं असतं. पण नेमका कापला जातो तो भाग सहीचा.

वामनदादांची निदान पुस्तकं आहेत, आवाज आहे. आमच्याच तालुक्यातल्या भाटवडगावचे शाहीर आत्माराम साळवे मात्र मला शाळेत कुणी सांगितले नाहीत, कॉलेजात नाहीत. केशव वाघमारे यांनी ‘पारी’वर लिहिलेल्या लेखातून ते मला कळले, तेही पुण्यात बसून. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळाल्या. त्यानंतर साळवे गावोगाव गात फिरले. अटका झाल्या, हद्दपारी झाली. १९९१ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्यांची गाणी राहिली ती लोकांच्या तोंडात आणि वह्यांत. हर्टच्या मागे निदान तबकड्या तरी होत्या.

याच माजलगावात १९९६ मध्ये भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामाचा हा भाग. एक लाखाहून जास्त ओव्यांच्या या साठ्यातल्या ओव्या आता ‘पारी’वर ऐकता येतात. ओवीत सही नसते, ती सगळ्या बायांची. पण तिथे प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलाय. राधाबाई बोऱ्हाडे बाबासाहेबांवर ओव्या गातात तेव्हा मागे ना गिटार ना ढोलकी, तरी ते मला ‘ॲव्हलॉन ब्लूज’मधल्या निम्म्या गाण्यांपेक्षा हर्टच्या जवळचं वाटतं. तोच बोलल्यासारखा गळा. सगळं शाबूत ठेवलेलं.

माझे मामा तरुणपणी गायन पार्टीत होते. पेटी विकली, वही आहे. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर फोन ठेवला. म्हणाले, आवाज गेलाय रे आता. मग खोकले, चहाचा कप बाजूला सारला आणि सुरू झाले. दोन कडवी झाल्यावर ते दम घ्यायला थांबले. मला वाटलं झालं, म्हणून मी स्टॉप दाबलं.

“आरं थांब की,” मामा म्हणाले, “वामन यायचाय अजून.”

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मधे गल्लीतून कुणाची तरी बुलेट गेली, तीही त्यात आलीय.