पंडिता रमाबाईंचीं पत्रें आणि उपदेशाचा अधिकार

पंडिता रमाबाईंचें चरित्र महाराष्ट्रांत अनेकांनीं लिहिलें आहे; त्यांच्या धर्मांतराविषयीं स्तुति आणि निंदा ह्या दोहोंचाहि भरपूर सांठा आपल्याजवळ आहे. परंतु ज्या ख्रिस्ती मंडळींत त्या गेल्या तेथें पाऊल टाकतांच त्यांस कोणत्या प्रश्नाशीं झगडावें लागलें, ह्याकडे आपल्या टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. स्त्रीनें पुरुषांस शिकवावें कीं नाहीं, आणि धर्माच्या बाबतींत स्वतः निर्णय करण्याचा अधिकार तिला आहे कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा जो इंग्रजी संग्रह अ. भि. शहा ह्यांनीं संपादिला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत ह्या वादाचीं मूळ साधनें आहेत. ख्रिस्ती मंडळ्यांत स्त्रियांच्या पाळकपदाविषयीं आजहि जी चर्चा चालू आहे, तिच्या दृष्टीनें हा ग्रंथ पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम संग्रहाच्या घडणीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हीं पत्रें जुळवून त्यांवर टिपा लिहिणाऱ्या बाई म्हणजे इंग्लंडांतील वाँटेज येथील मठांत राहणाऱ्या सिस्टर जेराल्डीन. अँग्लिकन संन्यासिनींचा हा मठ १८४८ त स्थापन झाला. रमाबाई १८८३ त तेथें गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. पत्रांतून रमाबाई त्यांस मोठ्या ममतेनें "आजीबाई" म्हणतात. तेव्हां ह्या दप्तराची लावणी वादांतील एका पक्षकारानेंच केलेली आहे, हें वाचकानें विसरूं नये. शिष्येच्या गर्वाविषयींची तक्रार आजीबाईंच्या लेखनांत वारंवार डोकावते. तथापि ज्या पत्रांत आपली बाजू लंगडी पडलेली दिसते, तींहि ह्या बाईंनीं फाडून टाकलीं नाहींत, जपून ठेविलीं. ह्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

वादाचें निमित्त १८८४ त घडलें. रमाबाई त्या वेळीं चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत होत्या. तेथील मुख्याध्यापिका डॉरोथिआ बील ह्यांच्या मनांत त्यांजकडे हिंदुस्थानांतील भाषांचें अध्यापन सोंपवावें असें आलें, व शिकणारांत तरुण पुरुषहि असावयाचे होते. ही वार्ता ऐकून वाँटेजकरांस चिंता पडली. मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांचीं मतें पुढें आलीं, आणि दोघांनींहि हा बेत अनिष्ट ठरविला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, रमाबाईंस पुढें स्वदेशीं परत जाऊन स्त्रियांत काम करावयाचें आहे. त्यांनीं पुरुषांस शिकविलें असें तिकडे कळलें, तर तेथील समाजांत त्यांचें वजन राहणार नाहीं. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, स्त्रीनें पुरुषास शिकवूं नये ह्या पौलाच्या नांवावर असलेल्या वचनावर ह्या युक्तिवादाचा भर नव्हता. भर होता तो हिंदु लोकांस काय वाटेल ह्यावर. ज्या समाजाच्या रूढि मोडण्याकरितां मिशन हिंदुस्थानांत आलें, त्याच रूढींचें कवच बिशपांनीं ह्या प्रसंगीं अंगावर चढविलें.

रमाबाईंचें उत्तर ह्या कवचास नेमकें भेदणारें आहे. आपल्या आईनें व आपण स्वतः तरुण पुरुषांस शिकविलें, त्यास ना आपल्या वडिलांनीं हरकत घेतली ना पतीनें. आतां ती कांहीं इंग्रज मंडळी घेत आहेत ह्याचें आपणांस आश्चर्य वाटतें, असें त्या मे १८८४ मध्यें बील ह्यांस कळवितात. ह्या उत्तरामागें केवढा अनुभव होता! अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्याबद्दल पंडितांपुढें त्यांस आपल्या वर्तनाचें समर्थनहि करावें लागलें. आईबापांबरोबर गांवोगांव पुराण सांगत हिंडलेली ही मुलगी १८७८ त कलकत्त्यास पोंचली, तेव्हां तेथील पंडितांनीं तिची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८२ त पुण्यांत त्यांचें वक्तृत्व ऐकणारांत पुरुषहि होते. हिंदु समाज उदार होता असा ह्याचा अर्थ नव्हे. त्या समाजांतील स्त्रीच्या दुःस्थितीवर १८८७ त इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या रमाबाईंस तें कोणी सांगावयास नको होतें. परंतु बिशपांचें भाकित खरें ठरलें नाहीं. १८९३ त शारदा सदनांतून पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या त्या धर्मांतराच्या भीतीनें. बाईंनीं कोणा पुरुषास व्याकरण शिकविलें म्हणून नव्हे.

ह्यापुढें पत्रव्यवहार अध्यापनावरून आज्ञापालनावर येतो, आणि येथेंच ह्या संग्रहाचें खरें महत्त्व आहे. वडीलधाऱ्यांचा निर्णय नम्रपणें मानावा, असा जेराल्डीन ह्यांचा आग्रह; धर्मगुरूच्या मुखांतून निघालेला प्रत्येक शब्द ईश्वराची आज्ञा म्हणून आपण स्वीकारूं शकत नाहीं, असें रमाबाईंचें उत्तर. क्रूसावर लॅटिन अक्षरें चालतात तर आपली संस्कृत कां चालूं नये, त्रैक्याच्या सिद्धान्तास शास्त्रांत आधार कोणता, असे त्यांचे प्रश्न आहेत. ह्या प्रश्नांस समर्पक उत्तर क्वचितच मिळतें. गर्वाचा आरोप मात्र पुनःपुन्हां होतो. तथापि ह्यावरून जेराल्डीन ह्यांस दुष्ट ठरविणें अन्यायाचें होईल. त्यांनीं आपलें आयुष्य सेवेस वाहिलें होतें. परंतु मंडळीच्या निर्णयांत त्यांस मत नव्हतें. बिशपाचा निर्णय दुसऱ्या स्त्रीच्या गळीं उतरविणें, एवढेंच त्यांच्या वांट्यास आलें. जो अधिकार आपण कधीं मागितला नाहीं तो काल आलेल्या शिष्येनें मागावा, हें त्यांस सहन होणें कठीणच होतें.

येथें एक आक्षेप निघण्यासारखा आहे. हा वाद भाषा शिकविण्याचा होता. मंदिरांत उपदेश करण्याचा किंवा प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा नव्हे. मग पाळकपदाशीं त्याचा संबंध काय? संबंध असा कीं, दोन्ही ठिकाणीं नकाराचें बीज एकच आहे. स्त्रीचें ज्ञान मान्य, श्रम मान्य. पुरुष ऐकत असतां तिनें अधिकारानें बोलावें, एवढेंच अमान्य. शास्त्राकडे पाहूं गेल्यास तेथें एकच सूर नाहीं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत निषेध आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत स्त्रीस मौन सांगितलें आहे. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायांत ती सभेंत प्रार्थना करते व संदेश देते हें गृहीत धरून तिनें मस्तक झांकण्याविषयीं नियम घातला आहे. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत फिबी नांवाच्या स्त्रीस 'दियाकोनोस' म्हटलें आहे. हाच शब्द पौल स्वतःसहि लावतो. पण १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत पौल 'मिनिस्टर' झाला आणि फिबी 'सर्व्हंट' राहिली! शब्द एक, अर्थ मात्र भाषांतरकाराच्या हातीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे रमाबाईंनीं उत्तरायुष्यांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचें जें मराठी भाषांतर केलें, त्याची योग्यता निराळीच दिसूं लागते. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. भाषांतर १९२४ त प्रसिद्ध झालें. खेड्यांतील साध्या स्त्रीस कळावें म्हणून त्यांनीं संस्कृतप्रचुर भाषा टाळिली. त्यामुळें कांहीं ठिकाणीं शैली रुक्ष झाली आहे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु पुरुषांस शिकवूं नये म्हणून जिला अडविण्यांत आलें, तिनें पुरुषांच्या हातीं शास्त्रच आपल्या मराठींत दिलें.

"मग अडलें कोठें? काम तर झालें. पद नसलें म्हणून काय बिघडलें?" असें कित्येक भाविक विचारतात. केडगांवच्या मुक्ति सदनांत रमाबाईंनीं शेंकडों निराधार स्त्रियांस आश्रय दिला, आणि १९०५ च्या सुमारास तेथील मुलींच्या तुकड्या उपदेशासाठीं गांवोगांव जाऊं लागल्या. मात्र बाप्तिस्म्याचा विधि चालविण्यास पाळक पुरुषच लागे. मिशनांतील बायबल-बाईचीहि तीच गत होती: पुरुषांस मज्जाव असलेल्या माजघरांत शिरून शिकविण्याचें काम तिचें, पण मंडळीच्या कारभारांत तिला स्थान नाहीं. पद नसलें म्हणजे काय बिघडतें, ह्याचें उत्तर चीनमध्यें मिळालें. युद्धामुळें मकाव येथें पाळक पोंचेना, म्हणून हाँगकाँगचे बिशप हॉल ह्यांनीं २५ जानेवारी १९४४ रोजीं फ्लॉरेन्स ली टिम-ओई ह्या बाईंस अँग्लिकन पाळकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपलें, ओरड झाली, आणि १९४६ त त्या बाईंनीं विधि चालविण्याचा परवाना परत केला. गरजेनें दिलेली मोकळीक गरज सरतांच परत मागितली जाते. म्हणूनच पदाचा आग्रह हा मानापानाचा आग्रह नव्हे.

चेल्टनहॅमच्या वादानंतर ११० वर्षांनीं, १२ मार्च १९९४ रोजीं, त्याच इंग्लंडच्या मंडळीनें ब्रिस्टल येथें ३२ स्त्रियांस पाळकपदाची दीक्षा दिली. २०१५ त तेथें पहिली स्त्री बिशप झाली, आणि २०२५ त कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीं सारा मलाली ह्यांचें नांव जाहीर झालें. आपल्याकडे दक्षिण भारत मंडळींत २०१३ सालीं पुष्पा ललिता ह्या नंद्याळच्या बिशप झाल्या. उत्तर भारत मंडळीनेंहि स्त्रियांस पाळकपद खुलें केलें आहे. उलट १९९४ च्या मे महिन्यांतच पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं स्त्रियांस दीक्षा देण्याचा अधिकारच मंडळीस नाहीं, असें जाहीर केलें. गोव्यांतील व वसईंतील कॅथॉलिक समाजास तोच निर्णय लागू आहे. त्या निर्णयाचा आधार लोकमत नसून ख्रिस्तानें निवडलेले बारा प्रेषित व मंडळीची परंपरा हा आहे. त्याचा प्रतिवाद त्याच भूमीवर करावयास हवा. रमाबाईंच्या पत्रांनीं तो आपोआप होत नाहीं.

पत्रांची मर्यादा येथें दिसून येते. लोक काय म्हणतील ह्या सबबीचा रमाबाईंनीं पुरता निकाल लाविला. पण त्यांचें उत्तर त्यांच्या असामान्य घराण्यावर व असामान्य विद्वत्तेवर उभें आहे. जिचा बाप शास्त्री नव्हता, जिला कोणी पदवी दिली नाहीं, त्या सामान्य बायबल-बाईनें कोणता दाखला द्यावा? आपल्या सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य रमाबाईंनीं तेजस्वीपणें राखलें, परंतु मंडळीच्या घटनेंत त्याचा नियम व्हावा असा प्रयत्न केला नाहीं; त्यांचा अधिकार त्यांच्या व्यक्तित्वाबरोबर आला आणि त्याच्याबरोबरच गेला. तो नियम करण्याचें काम मागून आलेल्या स्त्रियांस पहिल्यापासून करावें लागलें. तरीहि "समाज अजून तयार नाहीं" हें वाक्य जेथें आजहि ऐकूं येतें, त्या मंडळ्यांनीं हा संग्रह अवश्य वाचावा. समाजाच्या नांवानें बोलणारांनीं त्या समाजांतील स्त्रीस आधी विचारलें होतें काय, हा १८८४ मधील प्रश्न अद्याप जुना झालेला नाहीं.