केबल दूरचित्रवाणी आणि स्थानिक स्वराज्य : कळंबच्या निमित्ताने एक समीक्षा

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर कळंब हे तालुक्याचे गाव लागते. धाराशिव जिल्ह्यातील कळंबशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये. भूमिपातळीच्या खाली असलेल्या चिंतामणीच्या मंदिरामुळे हे गाव विदर्भात सर्वपरिचित आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब ह्या नव्या लोहमार्गावर गाडी सुरू झाली, तेव्हा त्याचे नाव काही दिवस वृत्तपत्रांतही झळकले. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे जे धोरण महाराष्ट्र शासनाने २०१४ च्या सुमारास अवलंबिले, त्यानुसार येथेही नगरपंचायत आली. अशा गावात घरोघर जाणाऱ्या केबल दूरचित्रवाणीवर लोकांच्या वतीने देखरेख कोण करतो, आणि त्या तारेतून गावास स्वतःचे काही सांगता येते की नाही, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. कळंब घेतले ते त्याच्या सामान्यपणामुळे. जे कळंबबाबत खरे ठरेल ते राळेगाव, मारेगाव, बाभुळगावबाबतही खरे ठरावे.

केबलचा धंदा आपल्याकडे कायद्याच्या आधी आला. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात एखाद्या इमारतीत अगर गल्लीत एक व्हिडिओ यंत्र ठेवून तारेने दहा-वीस घरांस चित्रपट दाखविण्यापासून त्याचा आरंभ झाला. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्यांची त्यात भर पडली. शासन जागे झाले ते २९ सप्टेंबर १९९४ रोजी, अध्यादेशाच्या रूपाने. त्याचाच पुढे ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम, १९९५’ झाला. प्रक्षेपण हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, नोंद ३१ मध्ये पडत असल्याने हा अधिनियम संसदेने केला, हे क्रमप्राप्तच होते. तथापि त्याची अंमलबजावणी गल्लीबोळांतच व्हावयाची असल्यामुळे स्थानिक पातळीवर कोणीतरी हात-पाय असणे आवश्यक होते. नोंदणीसाठी त्या क्षेत्राचे मुख्य डाकघर निवडण्यात आले आणि कारवाईसाठी ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त ह्यांची योजना झाली. कार्यक्रम संहितेचा भंग झाल्यास प्रक्षेपण थांबविणे, नोंदणीविना धंदा केल्यास सामग्री जप्त करणे, हे त्यांचे अधिकार होत. नगरपालिका, नगरपंचायत, ग्रामपंचायत ह्यांचा उल्लेख ह्या मूळ यंत्रणेत कोठेही नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थेस ह्या अधिनियमात प्रवेश मिळाला तो सोळा वर्षांनी, २०११ च्या दुरुस्तीने, कलम ४ब मध्ये. हे कलम अभ्यासकांनी शब्दशः वाचावयास हवे. ‘सार्वजनिक प्राधिकरणा’च्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्था येतात आणि अशा प्राधिकरणाच्या ताब्यातील रस्त्यांवरून, रस्त्यांखालून अथवा जागेवरून तारा टाकण्याचा व खांब उभारण्याचा मार्गाधिकार केबलचालकास मिळतो. खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेणे अथवा त्याचा खर्च वसूल करणे, लोकहितास्तव खांब हलविण्यास सांगणे, कामाची वेळ व पद्धत ह्यांविषयी वाजवी अटी घालणे, एवढे प्राधिकरणाच्या हाती राहते. ‘अन्य कोणत्याही बाबीसंबंधी’ असेही शब्द त्यात आहेत आणि एखाद्या उत्साही विधिज्ञास त्यांवर मोठी इमारत उभारण्याचा मोह होईल. परंतु ती बाब कामाशी संबंधित असली पाहिजे, असे बंधन त्याच वाक्यात आहे. तेव्हा गावाच्या सभेसाठी एक वाहिनी राखून ठेवावी, अशी अट ह्या कलमाच्या आधारे घालणे ओढाताणीचे होईल, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कायद्याच्या दृष्टीने नगरपंचायत ही जमीनमालक ठरते. तिच्या रस्त्यावरून काय जाते ह्याची विचारणा तिने करावयाची ती तारेच्या जाडीपुरती. त्यातही गंमत अशी की, लहान गावांतून तार बहुधा विजेच्या खांबांवरून ओढलेली असते आणि ते खांब महावितरणचे असतात. म्हणजे ही जमीनदारीदेखील पुरती नगरपंचायतीची नाही.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय आणि तिचा वापर लोकहितार्थ झाला पाहिजे, असा निर्णय दिला. पुढील सर्व चर्चेत तो आधारभूत मानला गेला. केबल लहरींवर चालत नाही, ती तारेने चालते, अशी शंका येथे कोणी काढील. परंतु मग त्याच न्यायाने असे म्हणावयास हवे की, तार ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ताही सार्वजनिक मालमत्ताच आहे आणि त्या मालमत्तेची विश्वस्त दिल्ली नसून ती ती नगरपंचायत आहे. अमेरिकेतील केबलविषयक विचार नेमका ह्या पायावर उभा राहिला. तेथील १९८४ च्या अधिनियमाने नगरांस परवाना देण्याचा, चालकाच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याचा आणि सामान्य जन, शिक्षणसंस्था व नगरशासन ह्यांच्यासाठी वाहिन्या मागून घेण्याचा अधिकार दिला. ती व्यवस्था आदर्श आहे असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी त्या वाहिन्या ओस पडल्या, आणि लोकांचे केबलवरून लक्ष उडाल्यावर शुल्कही आटत गेले. पण रस्ता देणाऱ्यास काही मागण्याचा हक्क आहे, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले, आपल्याकडे उतरले नाही.

ह्यावर जिल्हास्तरीय सनियंत्रण समितीकडे बोट दाखविले जाईल. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २००५ साली राज्य व जिल्हा पातळीवर अशा समित्या नेमण्याचा आदेश काढला आणि २००८ साली त्यांची कार्यकक्षा अधिक स्पष्ट केली. अध्यक्ष जिल्हादंडाधिकारी, सोबत पोलीस अधीक्षक व माहिती-जनसंपर्क खात्याचा अधिकारी, शिवाय महिला महाविद्यालयाच्या एक प्राचार्या, बालकल्याण व स्त्रीकल्याण क्षेत्रांतील संस्थांचे प्रतिनिधी आणि एखादा शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजशास्त्रज्ञ, अशी तिची सर्वसाधारण घडण आहे. ही मंडळी अर्थातच सन्माननीय असतात. परंतु त्यांत निवडून आलेला एकही सभासद नाही. सारे नामनिर्देशित, आणि ते जिल्हादंडाधिकाऱ्याकडून. स्थानिक प्रशासन आणि स्थानिक स्वराज्य ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. येथे मात्र पहिलीस दुसरीचे नाव देऊन काम भागविले आहे. शिवाय समितीपुढे प्रामुख्याने तक्रार चालते ती कार्यक्रमातील आक्षेपार्हतेची. वाहिनी दिसत नाही, बिल चुकीचे आले, चालक डबा बदलून देत नाही, अशा गाऱ्हाण्यांची वाट वेगळी. ती दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ नंतर घालून दिलेल्या नियमांतून जाते आणि तिचे शेवटचे टोकही दिल्लीतच आहे.

तर मग ही देखरेख नगरपंचायतीकडे सोपवावी काय? कार्यक्रमांच्या मजकुरावरील देखरेख सोपवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. लहान गावात केबलचालक, कंत्राटदार आणि सभासद ह्यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असू शकतात, किंबहुना पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर ह्या तिन्ही टोप्या असतात. अशा हाती कात्री देणे म्हणजे विरोधी गटाची बातमी कापण्याची सोय करून देणे होय. प्रश्न कात्रीचा नाही, जागेचा आहे. आणि ह्या जागेच्या बाबतीतच अधिनियमातील सर्वांत बोलका विरोधाभास आढळतो.

२०११ च्या दुरुस्तीने कलम ८ चे रूप बदलले. दूरदर्शनच्या, तसेच संसदेच्या वतीने चालविल्या जाणाऱ्या वाहिन्या प्रत्येक केबलचालकाने दाखविल्याच पाहिजेत, असे फर्माविण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. २००६ साली सुरू झालेली लोकसभेची व २०११ ची राज्यसभेची वाहिनी २०२१ मध्ये ‘संसद टीव्ही’त एकत्र झाल्या. अशा रीतीने लोकसभेचे सभागृह कळंबच्या घरात पोहोचणे हा चालकाच्या मर्जीचा विषय राहिला नाही. हे योग्यच झाले, ह्यात शंका नाही. प्रातिनिधिक सभेचे कामकाज मतदाराच्या नजरेसमोर असावे, हे तत्त्व एकदा मान्य केले की ते संसदेपाशी का थांबावे, ह्याचे उत्तर मात्र अधिनियम देत नाही. कळंबच्या पाणीपुरवठ्याचा, घरपट्टीचा, बाजारओट्यांचा निर्णय ज्या सभागृहात होतो ते सभागृह त्याच तारेतून दाखविण्याची सक्ती तर नाहीच, त्यासाठी राखीव जागाही नाही. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या १९९३ साली अंमलात आल्या आणि केबलचा अधिनियम १९९५ साली झाला. बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या ह्या दोन कृतींनी एकमेकींकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पूर्वी निदान व्यवहारात थोडी मोकळीक होती. गावच्या चालकाचे स्वतःचे नियंत्रणकक्ष असे. गणपतीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन, एखादे व्याख्यान तो आपल्या ‘लोकल’ वाहिनीवर लावीत असे. तिचा दर्जा काय वर्णावा! तरीही ती गावाची होती. पुढे संकेतबद्ध अंकीय प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि ३१ मार्च २०१७ ही त्याची अखेरची मुदत ठरली. आता वाहिन्यांचा संच दूरच्या शहरातील एम.एस.ओ. तयार करून पाठवितो, आणि गावचा चालक तार जोडणारा व पैसे गोळा करणारा तेवढा उरला. स्थानिक वाहिन्यांचे नियमन ३० नोव्हेंबर २०२२ च्या ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ मार्गदर्शक तत्त्वांनी होते. एकूण वाहिनीक्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या ठेवता येतात. स्थानिक बातम्या द्यावयाच्या तर चालक कंपनी म्हणून नोंदलेला हवा. अमेरिकेत ५ टक्के उत्पन्न नगरास, आपल्याकडे ५ टक्के जागा चालकास, असा हा आकड्यांचा योगायोग! त्याच तत्त्वांत आणखी एक तरतूद आहे. अशा वाहिनीवरील मजकूर दुसऱ्या कोणत्याही वितरकास देता येत नाही, मात्र मंदिर, गुरुद्वारा, चर्च इत्यादी धर्मस्थळांतील थेट प्रक्षेपणास अपवाद केला आहे. म्हणजे चिंतामणीची आरती गावातील सर्व वितरकांच्या ग्राहकांस एकाच वेळी दाखविता येईल, पण नगरपंचायतीच्या सभेचे चित्रण एका एम.एस.ओ.ने स्थानिक वाहिनीवर दाखविले तर ते दुसऱ्याच्या ग्राहकांस त्या मार्गाने मिळणार नाही. आरतीविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. सार्वजनिक म्हणजे काय, ह्याविषयी नियमकर्त्याची कल्पना कोठवर पोहोचते, ते ह्या अपवादावरून दिसते.

ही कल्पना आपल्याकडे पूर्वीपासून एवढीच तोकडी होती असे नव्हे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन केली होती. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे परत पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. ऐकणाऱ्याने उलट बोलावे, ही अपेक्षा त्या प्रयोगाच्या रचनेतच होती. पुढे साधने शतपट वाढली आणि ती अपेक्षा मागे पडली.

कळंब तालुक्यात ह्या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथील पोडांवर कोलाम समाज राहतो. त्याची कोलामी ही द्रविड कुळातील भाषा मराठीहून सर्वस्वी निराळी आहे. कलम ८ च्या २००० सालच्या रूपात राज्याच्या प्रादेशिक भाषेतील एक वाहिनी सक्तीची होती, आणि महाराष्ट्रापुरता त्याचा अर्थ मराठी. तो आपल्यास न्याय्य वाटला, कारण आपण मराठी आहोत. कोलामी बोलणाऱ्या बाईस रोजगार हमीची अगर लसीकरणाची माहिती तिच्या भाषेत ऐकावयाची असेल तर मराठीची सक्ती तिच्या कामाची नाही. असे कार्यक्रम दिल्लीत व मुंबईत होणार नाहीत. ते व्हावयाचे तर तालुक्यातच होतील.

आता भ्रमणध्वनीवर सर्व काही दिसते, केबल ही मावळती वस्तू आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केबलचे ग्राहक घटत आहेत, हे खरेच आहे. परंतु भ्रमणध्वनीवरील सभा शोधणाऱ्यासच सापडते, ठराविक क्रमांकाच्या वाहिनीवरील सभा न शोधणाऱ्यासही दिसते. शिवाय त्याच तारेतून आता इंटरनेटही घरात येते. तेव्हा रस्ता देणाऱ्याने काय मागावे हा प्रश्न केबलबरोबर संपणारा नाही. पैशाचा मार्गही अगदी बंद नाही. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ खाली केबलजोडणीवरील शुल्क राज्याच्या महसूल यंत्रणेकडे जात असे. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील नोंद ६२ बदलली आणि करमणुकीवरील कर हा पंचायत, नगरपालिका वा जिल्हा परिषद आकारील व वसूल करील तेवढ्यापुरताच शिल्लक ठेवला. अशा कराचा एक भाग तालुक्याच्या प्रक्षेपणकक्षासाठी बांधून देणे विधिमंडळास अशक्य नाही. त्यातून कार्यक्रमांची पोलिसी उत्पन्न होत नाही, आणि चालकाच्या धंद्यात ढवळाढवळही होत नाही.

प्रत्यक्ष वारे मात्र उलट दिशेने वाहत आहे. १७ जानेवारी २०२५ पासून स्थानिक केबलचालकांची नोंदणीही मुख्य डाकघराकडून काढून मंत्रालयाच्या संगणकीय व्यवस्थेकडे गेली. चालकाचे हेलपाटे वाचले, हे मान्य करावयास हवे. तालुक्यात हा धंदा कोण करतो ह्याची दप्तरी नोंद करणारे अखेरचे जिल्ह्यातील कार्यालयही त्याबरोबर गेले. कलम ४ब खालील परवानग्या तेवढ्या अजून गावात दिल्या जातात. यवतमाळ जिल्ह्यातील नगरपंचायतींच्या ठरावपुस्तकांतून अशा परवानग्यांबरोबर कोणकोणत्या अटी घातल्या गेल्या, त्यांवर सभेत चर्चा झाली काय, आणि ती पुस्तके नागरिकास सहज पाहावयास मिळतात काय, ह्याचा शोध पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा आहे. कळंबपासून आरंभ करता येईल.