तासांची मोजदाद आणि सरावाची संकल्पना : एक चिकित्सा

'दहा हजार तासांचा सराव' हे सूत्र अध्यापकांच्या चर्चेतही सिद्धांताच्या थाटात उद्धृत केले जाते. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' (२००८) या पुस्तकाने ते लोकप्रिय केले. त्याचा आधार मानला जातो तो अँडर्स एरिक्सन, राल्फ क्रॅम्पे व क्लेमेन्स टेश-रोमर यांचा १९९३ चा शोधनिबंध. प्रत्यक्षात त्या निबंधात असा नियम मांडलेलाच नाही.

बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दहा जणांचे तीन गट तेथे अभ्यासले गेले. अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी सर्वोत्तम गटात ७,४१०, चांगल्या गटात ५,३०१ आणि भावी संगीतशिक्षकांत ३,४२० तास निघाली. हे आकडे स्मरणावर विसंबलेले होते, हे विसरता येत नाही. विसाव्या वर्षाच्या सुमारास दहा हजार ही सर्वोत्तम गटाची केवळ सरासरी होती; त्यातील निम्मे वादक तेथवर पोहोचले नव्हते, असा खुलासा पुढे एरिक्सन यांनीच केला.

त्यांच्या 'सहेतुक सरावा'चा गाभा तासांत नसून नेमकी उणीव हेरणे, तिच्यावर बेतलेले काम देणे, चूक लगेच दाखवणे आणि सुधारून पुन्हा करणे यांत आहे. असा सराव थकवणारा असतो. (सर्वोत्तम वादक दुपारी अधिक झोप घेत, हा तपशील सहसा कोणी उद्धृत करीत नाही!) हिंदुस्थानी संगीतात 'तालीम' आणि 'रियाज' हे शब्द वेगळे आहेत. लोकप्रिय मांडणीत तालीम गळून पडते आणि रियाजाचे तासच उरतात.

तथापि मूळ मांडणीही निर्दोष नाही. ब्रुक मॅकनमारा व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या संकलित विश्लेषणात सरावाने उलगडणारा कौशल्यातील फरक संगीतात २१ टक्के, तर शिक्षणात अवघा ४ टक्के आढळला. २०१९ च्या पुनर्परीक्षणात चांगल्या वादकांचा सराव सर्वोत्तमांहून कमी नव्हता. शिक्षकाने न आखलेला सराव 'सहेतुक' नव्हेच, हा यावरचा एरिक्सन यांचा प्रतिवाद. पण १९९३ मध्ये मोजलेला सराव तरी एकांतातीलच होता. विरोधी पुरावा आल्यावर व्याख्या आवळली, तर सिद्धांत खोडता येण्याजोगाच राहत नाही.

म्हणून ४ टक्क्यांवरून अभ्यास व्यर्थ ठरवणेही घाईचे होईल. शंभरांच्या वर्गात प्रत्येकाची उणीव हेरणार कोण, हा प्रश्न त्या आकड्यात येतच नाही. आपल्या हजेरीपुस्तकात तासिका नोंदल्या जातात. विद्यार्थ्याला त्याची चूक कधी दाखवली, यासाठी तेथे रकाना नाही.