नेसणे आणि घालणे : नृत्यवेषाच्या इतिहासासंबंधी एक विचार

नृत्यवेषाचा इतिहास पुष्कळदा गजाने मोजला जातो. कापड किती होते, ते किती उरले, आणि त्यावरून समाजाची नीती सैल झाली की आवळली, असा हिशेब मांडला जातो. पाश्चात्त्य बॅलेतील ‘टुटू’ या झग्याचे वर्णन करताना हीच पद्धती अवलंबिली जाते. लावणीच्या नऊवारी लुगड्याविषयी बोलतानाही तिचाच आधार घेतला जातो. ही पद्धती अपुरी आहे. कापडाच्या लांबीपेक्षा पावलाची गरज हे नृत्यवेषाचे खरे नियामक तत्त्व होय.

टुटूचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या रंगभूमीवर मारी कामार्गो हिने घागरा घोट्याच्या वर घेतला, तो पायांच्या चपळ हालचाली प्रेक्षकांस दिसाव्यात म्हणून. 1832 साली ‘ला सिल्फीड’ या बॅलेत मारी ताल्योनी हिने घातलेला विरविरीत, घंटेच्या आकाराचा शुभ्र झगा पुढे आदर्श ठरला. चवड्यावर तोललेली नर्तिका त्यात अधांतरी भासे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन नर्तिकांनी गिरक्यांचे कसब वाढविले. पिएरीना लेन्यानी हिने 1895 मध्ये पीटर्सबर्ग येथे ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. असे तंत्र आले की झगा आखूड होणे अपरिहार्यच होते. विसाव्या शतकात तो कंबरेलगत ताटासारखा आडवा पसरला. प्रत्येक टप्प्यावर पाऊल पुढे गेले आणि कापड त्याच्यामागून गेले.

लावणीपुढेही प्रश्न हाच होता. उत्तर मात्र निराळे मिळाले. येथे कापड कमी झाले नाही. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपासचे लुगडे तसेच राहिले, पण कासोट्याने ते दोन्ही पायांत विभागले गेले. पाय झाकलेले राहूनही मोकळे झाले. शिवाय बॅलेत पाऊल डोळ्यांना दाखवावयाचे असते, तर लावणीत ते प्रथम कानांना ऐकवावयाचे असते. घोट्यावर चाळ बांधले की पोटरी उघडी करण्याचे प्रयोजन उरत नाही. हा वेष केवळ स्त्रीच्या मर्यादेतून उपजला, असेही म्हणता येत नाही. कारण तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी नाच्या पोऱ्या हेच लुगडे नेसून उभा राहत असे. पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या फडात पवळाबाई उभी राहिली, तेव्हा वेष आधीच सिद्ध होता.

येथे भाषेची साक्ष महत्त्वाची ठरते. ‘टुटू’ हा शब्द फ्रेंच बालबोलीतील, पार्श्वभागाच्या लाडक्या नावावरून आला असावा, असे मानले जाते. तो वस्तूचे नाव आहे. मराठीने मात्र या वेषासाठी एक स्वतंत्र क्रियापद राखले आहे. सदरा घालावयाचा, शाल पांघरावयाची, लुगडे आणि धोतर मात्र नेसावयाचे. ‘नेसणे’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील ‘नि’ उपसर्गासह ‘वस्’ हा धातू आहे. निऱ्या, ओचा, कासोटा, पदर, घोळ हे त्याच क्रियेचे अवयव होत. बाजारातून आणलेल्या लुगड्यास काठ व पदर असतात. निऱ्या, ओचा आणि कासोटा नसतात. ते नेसणारीच्या हातून, तिच्या अंगमानाप्रमाणे, दर वेळी नव्याने घडतात.

आज रंगमंचावर शिवलेली नऊवारी सर्रास दिसते, आणि तिच्याबरोबर ‘नऊवारी घातली’ हा प्रयोगही रूढ झाला आहे. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस तो खटकतो. वस्तुतः तो अचूक आहे. जे शिवलेले आहे ते घालावयाचेच असते. दोष शब्दाचा नाही. शब्दाने बदलाची प्रामाणिक नोंद केली आहे. शिवलेल्या वेषाची बाजूही न्याय्य आहे. एकाच कार्यक्रमात तीन-चार वेळा वेष बदलावयाचा असेल, किंवा कासोटा सुटण्याची धास्ती असेल, तर नर्तकीने सोय का नाकारावी? सौंदर्यासाठी सुरक्षितता झुगारण्याची किंमत बॅलेच्या इतिहासात नोंदलेली आहे. अग्निरोधक केलेला झगा ताठ आणि मळकट दिसतो म्हणून एमा लिव्री हिने तो नाकारला; 1862 मध्ये तालमीच्या वेळी दिव्याच्या ज्योतीने तिचा झगा पेटला, आणि 1863 मध्ये तिचा अंत झाला.

तथापि सोयीचाही हिशेब मांडला पाहिजे. यमुनाबाई वाईकर (1915–2018) यांनी जतन केलेल्या बैठकीच्या लावणीत भाव मुख्य असतो. तेथे पदर सावरणे, ओढणे, बोटाभोवती गुंडाळणे हा अभिनयाचाच भाग असतो. निऱ्या टाक्यांनी पक्क्या झाल्या आणि पदर खांद्याला कायमचा जखडला, तर हा अभिनय साधनावाचून पोरका होतो. जलद ठेक्याच्या फडावरील नृत्यास शिवलेला वेष चालून जाईल. बैठकीच्या लावणीस तो चालणार नाही. हा भेद न करता दोन्हीकडे एकच तयार वेष वापरणे, ही आजच्या सादरीकरणातील खरी उणीव होय.

नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या हातमागावर पैठणी आजही विणली जाते. मागावरच्या विद्येची नोंद झाली आहे, होत आहे. त्या वस्त्राला वेष बनविणाऱ्या हातांच्या विद्येची नोंद मात्र तितक्या आस्थेने झालेली नाही. ती नेसणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे, आणि त्यांच्या शब्दांत आहे. ते शब्द वेळीच टिपून घेणे हे नृत्याच्या अभ्यासकाचे जितके कर्तव्य आहे, तितकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.